वाटणाची पूड झाली तेव्हा

माझा भाचा ऑस्टिनला शिकायला गेला, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे सकाळचा चहा चालला होता, त्याच्याकडे रात्रीचे पिठले. फोनवर आवाज रडवेला.

"मावशी, इथलं तिखट खराब निघालं."

"खराब म्हणजे?"

"रंग लाल आहे, पण चार चमचे घातलं तरी झणका म्हणून नाही. आणि वास भलताच येतोय. कुणीतरी आधीच जिरं घातल्यासारखा."

मी त्याला बाटलीवरचे वाचायला सांगितले. त्याने वाचले: मिरची, जिरे, ओरेगानो, लसूण, मीठ.

"अरे, ते तिखट नाही. तो चिलीचा मसाला आहे."

"चिली म्हणजे मिरचीच ना? मग मिरचीचा मसाला मिरचीतच घालायचा?"

त्याचे बरोबर होते. आपल्याकडे चिली फ्लेक्स, चिली सॉस, चिली चिकन या सगळ्यांत चिली म्हणजे मिरची. टेक्सासात मात्र चिली म्हटले की समोर येतो तो वाडगा: मिरचीच्या दाट लालभडक रश्श्यात तासन्‌तास शिजलेले मांस. पूर्ण नाव चिली कॉन कार्ने, म्हणजे मांस घातलेली मिरची. त्या नावातले मांस बोलण्यातून गळून पडले आणि मिरची तेवढी उरली. मग त्या पदार्थाच्या मसाल्यालाही त्याचेच नाव मिळाले. एकच शब्द आधी फळाचा, मग कालवणाचा, मग बाटलीचा. अमेरिकेत नव्याने गेलेली मराठी माणसे पहिल्या महिन्यात हमखास ज्या बाटलीवर ठेचकाळतात, तिची कुळकथा या तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी मेक्सिकोत. मिरचीची लागवड तिथे हजारो वर्षांपासून होत आली आहे. अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत तिला चिल्ली म्हणत. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या नावाशी या शब्दाचा काही संबंध नाही. ते नाव निराळ्या मुळातून आले आहे. कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला, तिथे मिरचीला अही म्हणत होते. काळ्या मिरीच्या शोधात निघालेल्या त्या माणसाने १५ जानेवारी १४९३च्या नोंदीत लिहून ठेवले की अही ही इथली मिरी आहे, आपल्या मिरीहून सरस आहे आणि तिच्यावाचून इथे कुणी जेवत नाही. स्पॅनिशमध्ये मिरीला पिमिएंता म्हणतात. नव्या फळाचे नाव पडले पिमिएंतो.

ही चूक आपल्या फार ओळखीची आहे. पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात हे फळ गोव्याच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा आपल्या स्वयंपाकात झणका आणणारी मंडळी म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले. आपण नव्या पाहुणीचे नाव मिरीवरूनच ठेवले: मिरची. कन्नड माणसाने मेणसु म्हणजे मिरी, तिच्यावरून मेणसिनकायी केले. तमिळने मिळगुवरून मिळगाय. स्पेनपासून तमिळनाडूपर्यंत सगळ्यांनी एकच केले, अनोळखी तिखटाला ओळखीच्या तिखटाचे आडनाव लावले. मिरचीच्या माहेरी, मेक्सिकोत, मात्र स्पॅनिश लोकांना तिचे माहेरचे नाव पुसता आले नाही. तिथे ती चिलेच राहिली.

त्या माहेराचे कौतुक सोळाव्या शतकातल्या बेर्नार्दिनो दे साहागून या धर्मोपदेशकाने नाहुआत्ल बोलणाऱ्यांकडून ऐकून लिहून घेतले आहे. तिथल्या बाजारात नुसत्या मिरच्याच नव्हेत, तयार रस्से आणि चटण्या विकणारेही बसत: हिरव्या मिरचीचे, पिवळ्या मिरचीचे, धुरावलेल्या मिरचीचे, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया घातलेले. मेंदोसा कोडेक्स या १५४१च्या सुमाराच्या चित्रमय हस्तलिखितात अकरा वर्षांच्या खोडकर पोराला जळत्या मिरच्यांच्या धुरावर धरल्याचे चित्र आहे. आपल्याकडे दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकतात आणि ठसका लागला नाही तर दृष्ट होती म्हणतात. तिथे ठसका लागणे हाच उद्देश.

आता त्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. मेक्सिकोत सुकी मिरची सहसा कोरडी कुटून भरून ठेवत नाहीत. ती तव्यावर क्षणभर भाजतात, गरम पाण्यात भिजत घालतात आणि मऊ झाली की वाटतात. वाटायचे साधन मेताते, म्हणजे दगडी पाटा, आणि त्याच्यावर दोन्ही हातांनी फिरवायचा दगडी वरवंटा. लहान प्रमाणासाठी मोल्काहेते हा खल. त्या वाटणाचा रस्सा तो मोल्ली. आजचा मोले हा शब्द त्यातूनच आलेला. थोडक्यात, त्यांची मिरची वाटणाची आहे, आपल्या मसाल्याच्या डब्यातली मिरची पुडीची.

दुसरी पायरी टेक्सासातली, सॅन अँटोनिओ या गावची. स्पॅनिश लोकांनी १७१८ मध्ये इथे मिशन आणि लष्करी ठाणे बसवले. १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून सोळा कुटुंबे राजाज्ञेने इथे येऊन स्थायिक झाली. चिलीत जिरे एवढे सढळ हाताने का पडते याचे श्रेय काही खाद्यलेखक याच कुटुंबांना देतात. कॅनरी बेटे मोरोक्कोच्या समोर, तिकडच्या स्वयंपाकात जिऱ्याचे राज्य. हा धागा मोहक आहे, पण त्याला भक्कम कागदी आधार नाही. पक्के एवढेच की जिरे अमेरिकेतले नव्हे. ते स्पॅनिश जहाजांतून आले. टेक्सासातले जुने लोक आजही त्याला स्पॅनिश नावानेच हाक मारतात: कोमिनो. म्हणजे भाच्याने पिठल्यात जो वास ओळखला, तो भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून एका वाटेने आपल्याकडे आणि दुसऱ्या वाटेने टेक्सासात गेला होता. दोघांची गाठ ऑस्टिनच्या भाड्याच्या खोलीत पडली.

१८२८ मध्ये जे. सी. क्लॉपर नावाचा प्रवासी सॅन अँटोनिओला आला. गरीब घरांत मांस थोडेच येते, ते बारीक चिरतात, जवळजवळ मांसाच्या तुकड्यांइतक्याच मिरच्या घालतात आणि सगळे एकत्र शिजवतात, असे त्याने टिपले. चिली हा शब्द त्याने वापरला नाही, पण वाडगा तोच. या नोंदीत पदार्थाचे मर्मही आहे. मांस थोडे आणि निबर. ते पुरवायचे आणि गिळण्याजोगे करायचे तर दोनच उपाय, भरपूर मिरची आणि भरपूर वेळ. खांद्याचे, मानेचे, राबून राबून चिवट झालेले मांस मंद आचेवर दोन-तीन तास राहिले की त्यातले तंतू सुटतात, चिकट अंश रश्श्यात उतरतो आणि रस्सा आपसूक दाट होतो. आज चिलीसाठी महागातले कोवळे मांस आणणारा माणूस पैसेही घालवतो आणि रस्साही.

याच काळातली आणखी एक गोष्ट डॅलसचे भूगर्भतज्ज्ञ आणि तेलसम्राट एव्हरेट डीगोलायर यांनी शोधून मांडली. त्यांच्या मते १८५०च्या आसपास लांबच्या वाटेवर निघणारे लोक सुके मांस, गुरांची चरबी, मीठ आणि मिरच्या एकत्र कुटून त्याच्या विटा थापत. मुक्कामाला पोचले की वीट उकळत्या पाण्यात टाकायची आणि कालवण तयार. गुराख्यांच्या तांड्यांच्या कथांत ही वीट पुष्कळ भेटते. आपल्या दशमी-चटणीच्या शिदोरीची ही टेक्सासी बहीण.

पण चिलीला नाव मिळाले ते गावच्या चौकात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या मिलिटरी प्लाझात दिवसा भाजीबाजार भरे आणि अंधार पडला की मेक्सिकन बायका हातगाड्या घेऊन येत. घरी दुपारभर शिजवलेले मोठे हंडे, खाली मेस्कीटच्या लाकडाचे निखारे, लांब टेबलांवर मेणकापड, रंगीत काचांचे कंदील. दहा सेंटला ताट: चिली, घेवड्याच्या दाण्यांचे कालवण, मक्याच्या टॉर्टिया. शिपाई, गाडीवान, गुराखी, व्यापारी सगळे एका बाकावर. १८७७ मध्ये रेल्वे आली आणि या बाकांवर प्रवासी पाहुणेही बसू लागले. वर्तमानपत्रांनी या बायकांना चिली क्वीन्स, म्हणजे चिलीच्या राण्या, असे नाव दिले. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या चिलीचा ठेला लागला, आणि टेक्सासबाहेरच्या अमेरिकेने हा रस्सा चाखला.

राण्या म्हणायचे आणि राज्य मात्र कुणी द्यायचे नाही, अशी ती तऱ्हा होती. मिलिटरी प्लाझात नगरपालिकेची इमारत उभी राहू लागली तशी त्यांना तिथून उठवले. त्या दुसऱ्या चौकात गेल्या, तिथून तिसऱ्या. १९३०च्या दशकात आरोग्याचे नियम पुढे करून त्यांचे हंडे बंद केले. मॉरी मॅव्हरिक महापौर असताना जाळीच्या तंबूंत त्यांना काही काळ परत बसू दिले. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला तेही संपले. ज्यांच्या हातच्या चवीने गावाचे नाव झाले, त्यांतल्या बहुतेकींची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत.

नाव राहिले ते बाटलीवर, आणि ते एका जर्मनाचे. इथे तिसरी पायरी.

सॅन अँटोनिओजवळ न्यू ब्राउनफेल्स हे जर्मन स्थलांतरितांनी १८४५ मध्ये वसवलेले गाव. तिथे विल्यम गेबहार्टने १८९२ मध्ये एका मद्यगृहाला लागून खाणावळ काढली. चिलीला गिऱ्हाईक जोरात होते, पण अडचण मिरचीची. ती हंगामात मिळे. हंगाम सरला की खाणावळीतली चिलीही सरे. गेबहार्टने मेक्सिकोतून आंचो मिरच्या मागवल्या, त्या वाळवल्या आणि घरातल्या खिमा करायच्या यंत्रातून तीन-तीनदा काढून त्यांची पूड केली. तिच्यात जिरे, ओरेगानो वगैरे मिसळले. पहिल्यांदा त्याने तिला टॅम्पिको डस्ट म्हटले, मेक्सिकोतल्या टॅम्पिको बंदराच्या नावाने. पुढे ती झाली गेबहार्ट ईगल ब्रँड चिली पावडर. १८९६ मध्ये त्याने सॅन अँटोनिओत कारखाना टाकला. सुरुवातीला आठवड्याला पाच खोकी माल निघे आणि तो स्वतः गाडीत घालून विकायला जाई. पुढे त्याने कारखान्यासाठी ३७ यंत्रांची पेटंटे घेतली. फोर्ट वर्थला डी. सी. पेंडरी नावाचा व्यापारीही त्याच दशकात अशीच मिसळलेली पूड चिल्टोमलाइन या नावाने विकत होता. पहिला कोण, यावर दोन्ही गावांत भांडण आहे. बाजार जिंकला तो गेबहार्टने.

त्याने काय केले ते आपल्या भाषेत सांगायचे तर वाटणाची पूड केली. राणीच्या घरी रोज दुपारी जे काम पाट्यावर होई, भाजणे, भिजवणे, वाटणे, ते सगळे त्याने एका बाटलीत कोंडले. याचा फायदा मोठा होता. पुडीला हंगाम नाही, ओल नाही, अनुभव लागत नाही. ओहायोतल्या ज्या गृहिणीने उभ्या जन्मात आंचो पाहिली नव्हती, तिलाही चमचा मोजून चिली करता आली. कंपनीने पाककृतींची पुस्तिका छापून वाटली, त्यामुळे बाटलीबरोबर पदार्थही घराघरांत पोचला. चिली अमेरिकेची झाली ती या पुडीमुळे.

तोटाही त्याच बाटलीत होता. वाटणात मिरची कोणती आणि किती, जिरे किती, हे दर खेपेला कुणीतरी ठरवत असे. पुडीत ते एकदाच ठरले, कारखान्यात. निवड करणारा हात स्वयंपाकघरातून निघून गेला आणि मागे मोजायचा चमचा राहिला. शब्दही फसवा झाला. आतले जिरे, ओरेगानो, लसूण नावात कुठेच नाही. नाव एकट्या मिरचीचे. कांदा-लसूण मसाल्याला कुणी नुसते तिखट म्हणून विकावे, तसे.

पूड हाताशी आल्यावर चिलीने गावोगाव वेगळी रूपे घेतली. सिनसिनाटीत १९२२ मध्ये टॉम आणि जॉन किराजिएफ या मॅसेडोनियातून आलेल्या भावांनी एम्प्रेस नाट्यगृहाला लागून दुकान काढले. त्यांनी आपल्या गावाकडच्या रश्श्याला चिली म्हटले: त्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस, आणि ते वाढायचे स्पॅगेटीवर. वर किसलेले चीज, कांदा, घेवड्याचे दाणे यांचे थर. किती थर त्यावरून थ्री-वे, फोर-वे, फाइव्ह-वे अशी नावे. टेक्सासचा माणूस हे ताट पाहून हात जोडतो, पण तो सिनसिनाटीला नाही, तुम्हांला. जेवण आवरते घ्या म्हणून. खुद्द टेक्सासात कोर्सिकाना गावचा लायमन डेव्हिस गाडीवरून चिली विकता विकता डबाबंद चिलीकडे वळला आणि आपल्या पाळीव लांडग्याच्या नावावरून त्याने डब्याला वुल्फ ब्रँड नाव दिले.

मेक्सिकोची प्रतिक्रिया मात्र कडू होती. फ्रान्सिस्को सान्तामारिया यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेक्सिकन शब्दकोशात चिली कॉन कार्नेची नोंद आहे. मेक्सिकोचे नाव सांगून टेक्सासपासून न्यूयॉर्कपर्यंत विकले जाणारे एक तिरस्करणीय खाद्य, अशा अर्थाची ती व्याख्या. कोशकार सहसा इतका चिडत नाही. पण त्याची चीड समजते. उत्तर मेक्सिकोच्या घरांत मिरचीच्या वाटणातले मांस आजही होते. त्याला पुडीतली ही मावसबहीण आपली वाटत नाही.

टेक्सासने उत्तर दिले ते भांडूनच, पण आपसात. १९६७च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्ककडचे विनोदी लेखक एच. अ‍ॅलन स्मिथ यांनी हॉलिडे मासिकात लेख लिहून जाहीर केले की चिलीतले आपल्याइतके कुणालाच कळत नाही. त्यांच्या कृतीत घेवड्याचे दाणे होते. टेक्सासात हा अपमान होता. डॅलसचे स्तंभलेखक फ्रँक टॉलबर्ट आणि त्यांच्या मित्रांनी आव्हान दिले, आणि ऑक्टोबरात मेक्सिकोच्या सीमेजवळ टर्लिंग्वा या ओसाड पडलेल्या खाणगावात सामना ठरला: स्मिथ विरुद्ध वार्ताहर विक फाउलर. तीन परीक्षक. एकाचे मत इकडे, एकाचे तिकडे. तिसऱ्या डेव्हिड विट्स यांनी घास तोंडात घेतला, थुंकला आणि आपली जीभच बधिर झाल्याचे सांगून सामना बरोबरीत सोडला. ती गंमत दरवर्षीची स्पर्धा झाली. आज टर्लिंग्वाला जाणाऱ्या स्पर्धकांना चिलीत घेवडा, भात, मॅकरोनी यांतले काही घालायला बंदी आहे. कारण साधे आहे: भर घातली की रश्श्यातले वाटण लपते.

१९७७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने चिली कॉन कार्नेला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवले. त्याआधी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या घरची पेडरनालेस रिव्हर चिली इतकी मागितली गेली की लेडी बर्ड जॉन्सन यांनी कृतीची कार्डेच छापून घेतली. चार पौंड मांसाला कांदा, लसूण, चमचाभर ओरेगानो, चमचाभर जिरे, सहा चमचे चिली पावडर, थोडे टोमॅटो. घेवडा नाही. १९५५ मध्ये जॉन्सन यांना हृदयविकाराचा झटका आला होता, म्हणून चरबीही नाही. बाटलीने राष्ट्राध्यक्षांच्या घरापर्यंत मजल मारली होती. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात तर सिनेटर पीट डोमेनिची यांनी १९८३ मध्ये या शब्दाचे खरे स्पेलिंग आय काढून ई लावलेलेच, असे काँग्रेसच्या कामकाजात नोंदवून घेतले. मिरची हा तिकडे असा राष्ट्रीय प्रश्न होऊ शकतो.

स्पर्धेत जाणारे आणि घरी हौसेने करणारे लोक मात्र हळूहळू बाटलीच्या मागे, वाटणाकडे परत जाऊ लागले. घरची चिली जमवायची म्हणजे काय, तर गेबहार्टने एकदाच केलेली निवड आपण पुन्हा करायची. ती तीन मिरच्यांची असते, आणि मराठी घराला तिचे तर्कशास्त्र समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्याआधी मसाल्याची मिरची आणताना आपण रंगासाठी ब्याडगी घेतो, झणक्यासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, आणि दोन्हींचे प्रमाण घरच्या रीतीने ठरवतो. तिकडे अंगासाठी आंचो: पोब्लानो मिरची पिकवून सुकवली की आंचो होते, रुंद, काळपट तांबडी, तिखटाला सौम्य आणि चवीला मनुकेसारखी. रंग आणि आंबटसर धार देण्यासाठी ग्वाहियो. ठसक्यासाठी चिले दे आर्बोल, बारीक आणि निर्दय. धूर हवा असेल तर चिपोत्ले. ही दुसरी कुणी नव्हे, पिकलेली हलापेन्यो धुरावून सुकवलेली. नावातच नाहुआत्लमधली मिरची आणि धूर दोन्ही आहेत. जुन्या टेक्सासात ठसक्याचे काम चिल्तेपिन करी, रानात पक्ष्यांनी पेरलेली वाटाण्याएवढी मिरची. १९९७ मध्ये ती राज्याची अधिकृत देशी मिरची झाली.

साधारण किलोभर मांसाला पाच-सहा आंचो, तेवढ्याच ग्वाहियो, दोन-तीन आर्बोल. देठ आणि बिया काढायच्या. तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंद. वास सुटला की उतरवायच्या, काळी पडली की रस्सा कडू झालाच म्हणून समजा. गरम पाण्यात अर्धा तास, मग वाटण, मग गाळण, म्हणजे साली राहत नाहीत. जिरे अख्खे भाजून कुटायचे. बाजारची जिरेपूड इथेही आळशीच. ओरेगानो मेक्सिकन हवा. पिझ्झ्यावरचा ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला, मेक्सिकन ओरेगानो घाणेरीच्या कुळातला. नाव एक, झाडे दोन, आणि चिलीला दुसराच शोभतो. वाटण आधी चरबीत किंवा तेलात परतायचे, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात नव्हे, स्निग्धात उतरतो. आपण फोडणीत तेच करतो. टर्लिंग्वाचे स्पर्धक मसाला एका दमात घालत नाहीत. तीन हप्त्यांत घालतात आणि प्रत्येक हप्त्याला डंप म्हणतात. पहिला डंप मांसात मुरतो, शेवटचा नाकाला कळतो. शेवटी रस्सा पातळ वाटला तर टॉर्टियाचे मक्याचे पीठ, ज्याला तिकडे मासा म्हणतात, पाण्यात कालवून. टोमॅटो घालायचा की नाही, हा प्रश्न टेक्सासच्या माणसाला जेवणाआधी विचारू नये.

शाकाहारी घरांनी काय करायचे? वाटण तेच, मांसाच्या जागी राजमा किंवा काळा घेवडा. टर्लिंग्वात प्रवेश मिळणार नाही, पण वाटणाला त्याचे सोयरसुतक नसते. राण्यांच्या ताटात घेवडा होताच की, चिलीच्या शेजारी.

हे सगळे मी भाच्याला एका फोनवर सांगितले नाही. पण त्या बाटलीनंतर त्याला उत्सुकता लागली. एका रविवारी तो ऑस्टिनमधल्या एका मेक्सिकन दुकानात गेला आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पोत्यांत मिरच्या भरलेल्या. त्याने एक आंचो उचलून माझ्यासमोर धरली आणि वाकवली.

"मावशी, ही मोडतच नाही. शिळी आहे का?"

"अरे, मोडली तर शिळी. ही त्यांची चांगली मिरची. आपण उन्हात कडकडीत वाळवतो, कारण आपल्याला कुटायची असते. त्यांना भिजवून वाटायची असते."

त्याने पाच-सहा वाकणाऱ्या मिरच्या निवडून पिशवीत टाकल्या. शेजारची एक बाई त्याच पोत्यातून मिरच्या काढत होती. प्रत्येक वाकवून, नाकाला लावून, मग पिशवीत. त्याने तिचे पाहून आपल्या दोन परत ठेवल्या आणि दुसऱ्या घेतल्या.

"आणि ती जुनी बाटली?" मी विचारले.

"आहे. अंड्यावर चालते. पिठल्यात नाही घालत." मग त्याने कॅमेरा दुकानाच्या कोपऱ्याकडे फिरवला. "मावशी, हे बघ. यांच्याकडे पाटा-वरवंटा विकायला आहे. फक्त यांच्या पाट्याला तीन पाय आहेत."